जोधपूरचं स्थळ

अरुंधतीनं अंबाड्यातली शेवंती काढली, डावीकडची उजवीकडे खोचली आणि आरशातूनच विचारलं,

"आत्या, ही बाजू बरी दिसते का?"

यमुताई गच्चीच्या दारात शेगडीला वारा घालत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. लहानपणी आलेल्या देवीनं मुलीच्या डाव्या गालावर जेवढे वण ठेवले होते, तेवढेच उजव्यावरही ठेवले होते. त्या बाबतीत देवीनं पक्षपात केला नव्हता.

"हीच बरी," त्या म्हणाल्या. "पदर तेवढा पुढं घे."

खाली चंपाबाग हॉटेलच्या फाटकाशी घुंगरं वाजली. अरुंधती जाळीच्या खिडकीशी धावली. चारा लादलेली उंटगाडी होती. ती निघून गेली, तरी मुलगी खिडकीतून हलली नाही.

त्या फाटकातून कोणी येणार नाही, हे यमुताईंना पक्कं ठाऊक होतं. जो यायचा होता तो मुलगा त्यांनी स्वतःच घडवला होता. नागपुरात, सीताबर्डीच्या घरी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, एका दुपारात.

यमुताईंचे धाकटे भाऊ मधुकरराव बऱ्यापैकी चालणारे वकील. त्यांना दोन मुली. थोरली अरुंधती चोवीस वर्षांची, दोन वर्षं कॉलेजात गेलेली आणि सहा ठिकाणांहून नकार आलेली. धाकटी प्रेमिला अठराची. सहावं स्थळ महालातलं होतं. मुलाची आई शोभाताई अरुंधतीला पाहायला म्हणून आल्या, पोहे खाऊन गेल्या, आणि त्यांनी होकार पाठवला तो पाण्याचे पेले घेऊन आलेल्या प्रेमिलेला. असं घर सोडायला मधुकरराव काही खुळे नव्हते. अडून बसली ती प्रेमिला. ताईचं ठरल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही. इकडे शोभाताईंना थांबायची सवय नव्हती. त्यांच्या मुलासाठी आलेल्या पत्रिकांची चळत कोनाड्यात तयारच होती.

तेव्हा यमुताई म्हणाल्या होत्या, मग ताईचं ठरवा.

इतवारीतले एक मारवाडी शेठ मधुकररावांचे अशील. त्यांच्या मुलखात, जोधपूरला, कोण्या ठाकूरसाहेबांनी पणजोबांचा बागेतला महाल हॉटेल म्हणून चालवायला काढला होता. शेठजींचे मुनीम माघात घरी जाणारच होते. त्यांच्या सोबतीनं आत्या-भाचीनं जावं, चार दिवस हवा खावी. तिथल्या संस्थानी रेल्वेत आपल्याकडचा एक इंजिनिअर आहे, शरच्चंद्र. त्याला रजा नाही. शिवाय मुलीनं पोह्यांची बशी घेऊन समोर यावं, हे त्याला पसंत नाही. हॉटेलच्या बागेत चार माणसांसारखं बसून बोलू, म्हणतो. पत्रिका जुळते. वणांचं त्याला आधीच कळवलंय. तो म्हणाला, मी पूल बांधतो. पूल टिकतो किती ते पाहतो, त्याचा गुळगुळीतपणा पाहत नाही.

हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा यमुताईंना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. अरुंधती ते ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. प्रेमिलेनं मात्र तिथल्या तिथं आत्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि त्याच पावली बापाला होकार दिला. साखरपुड्याला गुरुवारचा मुहूर्त होता, त्यानंतर महिनाभर दुसरा नव्हता. ताई नसताना कसं, असं ती थोडं कुरकुरली. पण ताई तिकडे स्वतःचंच ठरवायला चालली होती, तेव्हा तेही निभलं. ताईला मात्र यातलं काही सांगायचं नाही, परत आल्यावर तिला चकित करू, असं बापानं बजावलं. लेकीला त्यात गंमत वाटली.

आणि यमुताईंना यात काय मिळायचं होतं? तर जागा. त्यांना उमरेडला दिलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला, आणि तेव्हापासून तीस वर्षं त्या भावाकडे होत्या. अलीकडे भावजय देवकीबाई जेवताना उमरेडचा विषय काढत. तिथल्या पुतण्याला घर सांभाळायला माणूस हवंय म्हणतात, वन्संचा हक्काचा तुकडा तिथलाच की. उमरेडचा पुतण्या आणि त्याची बायको कशी माणसं आहेत, हे यमुताईंना एकदा दिवाळीत आठ दिवस राहून समजलं होतं. निघताना मधुकररावांनी स्टेशनावर बहिणीला बाजूला घेतलं.

"एवढं निभावून आण, अक्का. मग तुले या घरातून कोणी हलवत नाही. देवकीले मी पाहून घेतो."

यमुताई उपकार विसरत नसत. स्वतः केलेले तर मुळीच नाही. त्यांनी मान डोलावली.

सोमवारी त्या पोचल्या. आज प्रवासाचा शीण आहे, उद्या संध्याकाळी मंडळी येतील, असं त्यांनी सांगितलं. आणि ही मंगळवारची संध्याकाळ होती. दिवेलागणीला यमुताई चौकशीला म्हणून फाटकापर्यंत गेल्या, तिथल्या लिंबाखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि तोंड योग्य तेवढं पाडून परत आल्या. काल दौऱ्यावरून आल्याआल्या मुलाला ताप भरलाय. आईनं निरोप पाठवलाय, दोन दिवस थांबा.

"सोमवारपासून?" अरुंधतीनं विचारलं.

"हो ना. उन्हातान्हाचं काम त्या पोराचं."

अरुंधतीनं शेवंती काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. उद्याला चालेल, म्हणाली.

बुधवारी तिनं हॉटेल पाहून घेतलं. आयुष्यात ती कुठंच गेली नव्हती. फार तर रामटेकला. मॅनेजर चंद्रभान हा शेरवानी घातलेला, मिशा वळवलेला मनुष्य तिला दालनादालनांतून हिंडवत होता. इथं कोणते लाटसाहेब झोपले, इथं कोणत्या राणीसाहेबांनी चौसरीत हत्ती जिंकला, आणि तो हत्ती पुढं कसा या जिन्यावरून चढेना, हे सगळं त्यानं फार अदबीनं सांगितलं. जोधपूरकडच्या हिंदीत तो तिला 'बाईसा' म्हणत होता आणि सांगताना सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होता. नागपुरात माणसं तिच्याशी बोलताना कानाच्या पाळीकडे पाहत. दुपारी ती अंगणातल्या लोखंडी झोपाळ्यावर बसली आणि पायानं झोका घेऊ लागली. मोर कठड्यावर येऊन बसला होता.

"इथं मला कोणी ओळखत नाही, आत्या," ती म्हणाली. "काय बरं वाटून राहिलं."

यमुताई वाती वळत होत्या. गुरुवार यायला एकच रात्र उरली होती. मुलगी खूश होती, म्हणजे काम सोपं होतं. पण मुलगी खूश झाली की प्रश्न विचारते, हे त्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. उंच आहेत का? बेताचे. चष्मा आहे? वाचताना लावतो. तू त्यांना कुठं पाहिलंस? भंडाऱ्याला, मधूच्या मेव्हण्याच्या लग्नात, पंगतीत वाढत होता. काय वाढत होते? यमुताई क्षणभर अडल्या आणि मठ्ठा म्हणाल्या. अरुंधती हसली. इंजिनिअरसाहेब मठ्ठा वाढत होते, हे तिला फार आवडलं. बहीण आहे? एक, दिलेली. आई कशी आहे? साधी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे सांगताना यमुताईंनाही ते घर दिसू लागलं. त्यांनी त्या घरात तुळस लावली, गाय बांधली, सासऱ्याला आधीच देवाघरी धाडलं, म्हणजे सुनेला जाच नको. खोट्यात हात आखडता घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे घर उमरेडला त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, ते त्या मोठ्या मनानं भाचीला देत होत्या.

संध्याकाळी अरुंधतीनं कालचीच शेवंती पुन्हा खोचली. मुलगा नाही तरी त्याची आई येईल, म्हणाली. कोणी आलं नाही. तिनं जेवताना दोनदा मठ्ठ्याचं नाव काढलं.

गुरुवारी सकाळी यमुताई स्नान करून आल्या, तर मुलगी नेसून तयार. नागपूरहून आणलेली संत्र्यांची टोपली तिनं उघडली होती आणि डागाळलेली बाजूला काढून चांगली तेवढी रुमालात बांधत होती.

"कुठं चाललीस वं?"

"त्यांना पाहायला. आजारी माणसाला पाहायला जायला कसली आलीय लाज? मी चंद्रभानजींना टांगा सांगितलाय. रेल्वेच्या बंगल्यांवर इंजिनिअरसाहेब कुठं राहतात, ते टांगेवाला विचारून घेईल."

"असं पोरीनं आपणहून जायची रीत आहे का?"

"त्यांनाच रीत आवडत नाही, तूच म्हणालीस."

खाली टांग्याची चाकं वाजली आणि त्यामागोमाग मुनीमजींची हाक आली. यमुताई जवळजवळ धावतच खाली गेल्या. तार हॉटेलवर न येता मुनीमजींच्या घरी यावी, ही काळजी मधुकररावांनी घेतली होती, कारण अरुंधतीला इंग्रजी येत होतं. मुनीमजी पागोटं सावरत म्हणाले, वकीलसाहेबांचा मजकूर आलाय, सकाळच्या मुहूर्तावर काम झालं. साखर वाटली.

म्हणजे शरच्चंद्राचं काम संपलं होतं.

जिन्याच्या पायरीवर यमुताई टेकल्या. आता त्याला घालवायचा कसा, एवढाच प्रश्न होता. पत्रिका जुळत नाही म्हणावं, तर ती जुळवूनच आणली होती. बदली झाली म्हणावं, तर पोरगी बदलीच्या गावी पत्र टाकेल. राहता राहिला नकार. सहाव्या नकारानंतर अरुंधतीनं घरातले आरसे पुसायचं काम आपण होऊन मोलकरणीकडे दिलं होतं, आणि एका संध्याकाळी ती सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठावर सापडली होती. नुसती बसली होती म्हणे. सातवा नकार, तोही न पाहताच, तोही पूल बांधणाऱ्याचा? यमुताई कठोर होत्या, पण एवढ्या नव्हत्या. नकारात माणसाचा दोष असतो. देवाच्या करणीत कोणाचाच नसतो. ताप तर त्याला आधीच आलेला होता.

त्या उठल्या तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. मुलीवर आपण दयाच करतो आहोत, असं.

वर येऊन त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि संत्री एकेक करून टोपलीत ठेवायला लागल्या. अरुंधती पाहत राहिली.

"मुनीमजी सांगून गेले," यमुताई म्हणाल्या. "पहाटे गेला. विषमज्वर होता म्हणतात."

अरुंधती पलंगाच्या कडेवर बसली. त्या जुन्या पलंगाला चार चांदीचे सिंह होते. तिनं एकाच्या डोक्यावर हात ठेवला. रडली नाही. बाहेर मोर ओरडला. मग तिनं अगदी कामाच्या सुरात विचारलं,

"ताप सोमवारी आला ना?"

इथं यमुताईंना एक क्षण मिळाला होता. रविवार म्हणाल्या असत्या, शनिवार म्हणाल्या असत्या, तर पुढचं काही घडलं नसतं. पण खोटं बोलणारा कच्चा माणूस आज एक वार सांगतो, उद्या दुसरा. यमुताई त्यातल्या नव्हत्या. एकदा सांगितलेला तपशील त्या बदलत नसत.

"सोमवारीच," त्या म्हणाल्या.

"आपण सोमवारी पोचलो."

"पोचलो असू. त्याचं काय?"

"काही नाही."

ती उठली, पेटीतून जुनेर काढलं आणि न्हाणीघरात गेली. भिश्ती ऊन पाणी आणतो म्हणत होता. तिनं रांजणातलं गार पाणी डोक्यावरून घेतल्याचा आवाज यमुताईंनी ऐकला. अगं, तुला कसलं सूतक, तुझा त्याचा काय संबंध, असं त्या दाराबाहेरून दोनदा म्हणाल्या. आत पाणी पडत राहिलं. ती बाहेर आली तेव्हा कपाळ कोरडं, मोकळं होतं. कुंकू पाण्यानं गेलंय, लावते मग, असं काही ती म्हणेल म्हणून यमुताई थांबल्या. ती ओल्या केसांनी खिडकीत जाऊन बसली.

टांगा परत पाठवला. चंद्रभानला काही समजेना. त्यानं टांगेवाल्याला स्वतःहून काहीतरी दिलं आणि बाईसांची तब्येत विचारायला वर आला, तर बाईसांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

नागपूरला पोचल्यावर यमुताईंनी भावाला आणि भावजयीला माजघरात बसवून सगळं सांगितलं. सांगताना त्या बेतानं फुशारल्याही. मधुकरराव अस्वस्थ झाले. पोरगी फारच गप्प आहे, म्हणाले, दोन-चार दिवसांनी तिला खरं सांगून टाकू. देवकीबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. मग म्हणाल्या, खरं सांगितलं तर प्रेमिलेला कळेल, आणि प्रेमिलेला कळलं तर ती अंगठी काढून देईल. शिवाय शोभाताई परवाच विचारत होत्या, थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं करताय, लोकांना काय सांगणार? त्याचंही उत्तर आता आयतंच झालं होतं.

देवकीबाई खोटं कधी बोलल्या नाहीत. त्या फक्त सुस्कारा टाकत. थोरलीचं ठरत आलं होतं हो, जोधपूरला. मोठा इंजिनिअर. पण काय करता. एवढ्यावर त्या थांबत. पुढचं ऐकणारीच विचारून घेई: केव्हा, कशानं, आणि हे लोक तिथं केव्हा पोचले होते? वार जुळले की समोरची गप्प होई. हळदीकुंकवाच्या महिन्यात ही गोष्ट महालात गेली, तिथून इतवारीत गेली, आणि बसमध्ये बसून उमरेडलाही गेली. प्रत्येक घरात ती थोडी ठसठशीत झाली. कोणी म्हणे, ही फाटकातून आत गेली आणि तिकडे त्यानं अंथरूण धरलं.

चैत्रात उमरेडहून बिजवराचं एक स्थळ आलं होतं. गणपतराव, पंचेचाळिशीचे, दोन मुलांचे बाप. वणांना त्यांची हरकत नव्हती. मधुकररावांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. पंधरा दिवसांनी मध्यस्थानं निरोप आणला, तो त्यानं हसत हसतच सांगितला.

"ते म्हणतात, पोरांले आई पाहिजे हे खरं. पण पोरांचा बापही शिल्लक राहिला पाहिजे ना, वकीलसाहेब."

मधुकररावही कसनुसं हसले. यमुताई दारामागं उभ्या होत्या. उमरेडला, तीस वर्षांपूर्वी, त्यांच्या सासूनं त्यांना ओटीवरून खाली उतरवताना 'पांढऱ्या पायाची' म्हटलं होतं. तो शब्द त्या गावात अजून वापरात होता तर. अरुंधती बापाला पाणी द्यायला आली होती. तिनं पेला ठेवला, पाण्याचा थेंब सांडला होता तो पदरानं टिपला आणि आत गेली. तिला या निरोपाचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

वैशाखात प्रेमिलेचं लग्न लागलं. मांडव घराच्या अंगणातच होता. नवरीच्या मागं दिवा घेऊन उभी राहणारी करवली म्हणजे सख्खी बहीण, त्यात विचारायचं काही नव्हतं. प्रेमिलेनं ताईसाठी स्वतः मोतिया रंगाचा शालू निवडला होता. सकाळी शोभाताईंकडून एक बाई आल्या. फार गोड बोलल्या. आमचं काही म्हणणं नाही, पण विश्वनाथ एकुलता एक, आईचा जीव आहे, तेव्हा करवली म्हणून दुसरं कोणी उभं केलं तर? देवकीबाईंनी सुस्कारा टाकला. प्रेमिला तेवढी उसळली, हळदीच्या अंगानं उठून उभी राहिली. तिला अरुंधतीनंच खांदे दाबून खाली बसवलं.

"वेडी आहेस का? विश्वनाथरावांच्या जिवापुढं दिवा कोणी धरला, हे काय महत्त्वाचं आहे?" ती म्हणाली, आणि ते तिला अगदी मनापासून वाटत होतं.

मंगलाष्टकांच्या वेळी यमुताई दरवर्षी, दर लग्नात बसत तशा मागच्या कोठीच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. लग्नाच्या घरात विधवेनं नजरेआड असावं हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. दार अर्धं लोटलेलं होतं. ते उघडलं आणि अरुंधती आत आली. शालू बदलला होता. ती चटईजवळ उभी राहिली.

अक्षता वाटणारी बाई तबक घेऊन दारापर्यंत आली. तिनं यमुताईंकडे पाहिलं, मग अरुंधतीकडे पाहिलं. तबक कडेवर घेतलं आणि पुढच्या खोलीत गेली.

बाहेर पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. एकेक कडवं संपत होतं, आणि यमुताई मनाशी तोलत होत्या. आता अंतरपाट दूर होईल. त्यानंतर खरं सांगितलं तरी प्रेमिलेचं काही मोडणार नाही. शोभाताईही काही करू शकणार नाहीत. कोणी मेलं नाही, पोरी, कोणी नव्हतंच. एवढी बारा-चौदा अक्षरं. ती कळली तर प्रेमिला बापाशी भांडेल, बाप देवकीकडे बोट दाखवील, देवकी वन्संकडे, आणि मग बसनं उमरेडला पोचायला माणसाला अर्धा दिवसही लागत नाही.

बाहेर 'सावधान'चा एकच गजर झाला आणि बँड वाजायला लागला. त्या गलक्यात अरुंधती वाकून आत्याच्या कानाशी म्हणाली,

"आत्या, तू त्यांना पंगतीत ऐकलं होतंस ना? आवाज कसा होता त्यांचा?"

यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला फक्त माहिती हवी होती. ज्याच्यासाठी एवढं गेलं, त्याच्याबद्दल थोडी जास्त.

"जड होता," यमुताई म्हणाल्या. "पण गोड."

आणि त्या चटईवर थोड्या भिंतीकडे सरकल्या, तिला बसायला जागा होईल एवढ्या.